जुना व्हिडिओ उघडायला वेळ का लागतो? भिवंडीच्या गोदामांवरून समजून घ्या मोठ्या सर्व्हरचं गणित

आजचं व्हायरल रील तुम्ही उघडता आणि ते क्षणात सुरू होतं. पण सात-आठ वर्षांपूर्वी क्लाउडवर ठेवलेला घरच्या लग्नाचा व्हिडिओ शोधायला गेलात, तर कधी कधी गोल चक्र फिरत राहतं. इंटरनेट तेच, फोन तोच. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो व्हिडिओ कुठे ठेवलाय यात. ज्यांच्याकडे फोटो, व्हिडिओ आणि सिनेमांचा प्रचंड साठा असतो, ते सगळं एकाच प्रकारच्या डिस्कवर ठेवत नाहीत. रोज लागणारं जवळ आणि क्वचित लागणारं लांब, अशी मांडणी असते. या पद्धतीला ‘हायरार्किकल स्टोरेज’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर टप्प्याटप्प्याची साठवण.

ही पद्धत चालते कशी, ती मंद का होते आणि तिचा वेग कसा वाढवतात? भिवंडी, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि थोडं साधं गणित घेऊन हे समजून घेऊया.

आधी भिवंडी

भिवंडी म्हटलं की एकेकाळी डोळ्यांसमोर यंत्रमाग यायचे. आज त्यासोबत गोदामंही येतात. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या भागातून गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळे आणि शेड दिसतात. आपण ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू इथूनच निघतात.

हे सगळं इथेच का आलं? मुंबईत जागा महाग, भिवंडीत तुलनेने स्वस्त. मुंबई-नाशिक महामार्ग शेजारी, जेएनपीटी बंदर आवाक्यात. आणि १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत मुंबईत माल आणताना जकात भरावी लागायची. त्यामुळे माल मुंबईच्या वेशीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचं. जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज कमी झाली आणि मोजक्याच मोठ्या गोदामांकडे कंपन्यांचा कल वाढला.

आता दादरमधलं एखादं दुकान घ्या. काउंटरवर रोज खपणारा माल. दुकानाच्या माळ्यावर आठवड्याला लागणारा. आणि उरलेला भिवंडीच्या गोदामात. काउंटरची जागा सगळ्यात महाग, पण माल हाताशी. गोदामाची जागा सगळ्यात स्वस्त, पण माल यायला टेम्पो हवा, हमाल हवेत आणि मानकोली नाक्याला ट्रॅफिक नसावं लागतं.

सर्व्हरमध्ये नेमकं हेच होतं.

सर्व्हरमधला काउंटर, माळा आणि गोदाम

मोठ्या साठ्यात साधारण तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा एसएसडी. यात फिरणारा भाग नसतो. माहिती सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात हाती येते. वेग उत्तम, पण तेवढ्याच साठ्यासाठी पैसे सगळ्यात जास्त.

दुसरा टप्पा हार्ड डिस्क. आत चकती फिरते आणि एक हात सरकून हवी ती जागा शोधतो. त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. जागा सापडली की एक डिस्क सेकंदाला सुमारे २०० एमबी देते.

तिसरा टप्पा चुंबकीय टेप. हो, टेपच! कॅसेटसारखी काडतुसं कपाटात रचलेली असतात. एखादी फाइल मागितली की यंत्रमानवाचा हात ते काडतूस काढतो, ड्राइव्हमध्ये घालतो आणि टेप पुढे सरकवून फाइल शोधली जाते. यात एक-दोन मिनिटं सहज जातात. पण एकदा फाइल सापडली, की एलटीओ-९ प्रकारची टेप सेकंदाला ४०० एमबीपर्यंत वेगाने वाचता येते. म्हणजे सलग वाचायचं असेल तर टेप एका हार्ड डिस्कपेक्षा वेगवान आहे. तिचा सगळा वेळ जातो तो फाइलपर्यंत पोहोचण्यात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७४ मध्येच ३८५० नावाची प्रणाली आणली होती. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खणांत छोटी काडतुसं असायची. यंत्राचा हात हवं ते काडतूस काढायचा, त्यातली माहिती डिस्कवर उतरवली जायची आणि कॉम्प्युटरला वाटायचं की सगळं डिस्कवरच आहे. आजच्या प्रणालींचा गाभाही हाच आहे. वापरणाऱ्याला एकच फोल्डर दिसतं. मागे फाइल कुठल्या मजल्यावर आहे, हे सॉफ्टवेअर बघतं.

पण टेप कशाला? सगळं एसएसडीवर का नाही?

याचं उत्तर पुण्यात मिळेल.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये पुण्यात झाली. पी. के. नायर यांनी देशभर फिरून जुन्या सिनेमांच्या प्रती जमवल्या आणि हा संग्रह उभा केला. तरीही खूप काही हातातून गेलं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळं नष्ट झाली. नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही असते की एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते.

म्हणून रिळं स्कॅन करून डिजिटल करणं महत्त्वाचं ठरलं. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेतलं. त्यासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद होती. मे २०२२ मध्ये या अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले.

आता गणित करूया. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं असतात. ३५ मिमी फिल्म फोर-के दर्जात, काहीही न दाबता स्कॅन केली तर एक चित्र ४०९६ × ३११२ ठिपक्यांचं होतं. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. म्हणजे एका चित्राला सुमारे ५१ एमबी.

एक सेकंद: सुमारे १.२२ जीबी.
अडीच तासांचा सिनेमा: २ लाख १६ हजार चित्रं, म्हणजे सुमारे ११ टीबी.

तुमच्या हातात २५६ जीबीचा फोन असेल, तर असे ४३ फोन काठोकाठ भरतील. तेही एका सिनेमाने! असे १,००० सिनेमे म्हणजे ११,००० टीबी. शिवाय एक प्रत पुरत नाही, निदान दोन हव्यातच. एवढं सगळं एसएसडीवर ठेवायचं म्हटलं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. आणि यातला बहुतेक साठा वर्षभरात कोणी उघडतही नाही.

ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीने २००७ मध्ये ‘द डिजिटल डिलेमा’ नावाचा अहवाल काढला होता. फोर-के डिजिटल मास्टर जपण्याचा वर्षाचा खर्च फिल्मची रिळं जपण्यापेक्षा दहा पटीहून जास्त येतो, असा त्यांचा हिशेब होता. रिळं थंड, कोरड्या खोलीत ठेवली की बरंचसं काम होतं. डिजिटल प्रतीला मात्र वीज लागते, देखरेख लागते आणि ठरावीक वर्षांनी नवं यंत्र लागतं.

टेपचा फायदा इथे आहे. एलटीओ-९ च्या एका काडतुसात १८ टीबी मावतात आणि कपाटात पडून असताना त्याला वीज लागत नाही. म्हणूनच जगभरच्या चित्रपट संग्रहांत आणि मोठ्या प्रयोगशाळांत टेप आजही नेहमीच्या वापरात आहे.

मग वेग हरवतो कुठे?

साठा मंद झाला की पहिला सल्ला मिळतो, ‘वेगवान डिस्क घ्या’. बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. का, ते बघा.

समजा, १०० लोकांनी १०० फाइल मागितल्या. डिस्कवरची फाइल ०.०१ सेकंदात मिळते, टेपवरची १२० सेकंदांत.

१०० पैकी ९५ फाइल डिस्कवर मिळाल्या आणि ५ टेपवरून आणाव्या लागल्या, तर सरासरी थांबावं लागतं सुमारे ६ सेकंद.

आता दुप्पट वेगाची डिस्क घ्या. सरासरी? पुन्हा ६ सेकंदच. कारण डिस्कमुळे उशीर होतच नव्हता.

त्याऐवजी डिस्क तीच ठेवून १०० पैकी ९९ फाइल डिस्कवर मिळतील अशी मांडणी केली, तर सरासरी येते १.२ सेकंद. पाचपट सुधारणा!

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: टप्प्याटप्प्याच्या साठ्यात वेग ठरतो तो कोणती वस्तू कुठे ठेवली आणि गोदामाची फेरी किती वेळा टाळली यावर. दादरच्या दुकानदाराने काउंटर संगमरवरी केला म्हणून भिवंडीचा टेम्पो लवकर येत नाही.

आता हे कसं साधतात, ते एकेक पाहू.

१. काय जवळ ठेवायचं, हे नीट ठरवणं

सगळ्यात सोपा नियम म्हणजे ‘जे बरेच दिवस कोणी उघडलं नाही ते खाली पाठवा’. बहुतेक ठिकाणी तो चालतो. सोशल मीडियावर तर छानच चालतो, कारण पोस्ट जुनी होईल तशी तिची मागणी झपाट्याने घसरते. फेसबुकच्या इंजिनिअर्सनी २०१४ मध्ये ‘एफ-४’ या त्यांच्या प्रणालीबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. जुने फोटो-व्हिडिओ कमी मागितले जातात, म्हणून ते कमी जागा खाणाऱ्या वेगळ्या साठ्यात हलवायचे, हीच त्यामागची कल्पना होती.

पण नुसत्या तारखेवर विसंबलं तर घोळ होतो. फाइल कोणी ‘उघडली’, हे माणसाने केलं की यंत्राने, ते सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे. अँटिव्हायरस किंवा सर्चची यादी बनवणारा प्रोग्राम रात्री सगळ्या फाइल उघडत सुटला, तर दोन गोष्टी होतात. टेपवरच्या हजारो फाइल एकदम परत मागवल्या जातात. आणि त्या ठेवायला जागा करण्यासाठी डिस्कवरच्या रोजच्या फाइल हाकलल्या जातात. सकाळी माणसं कामावर येतात तेव्हा काउंटरवर भलताच माल! यावर उपाय म्हणजे असे प्रोग्राम टेपवरच्या फाइलना हात लावणार नाहीत अशी सेटिंग करणं आणि एका वेळी किती फाइल परत मागवता येतील यावर मर्यादा घालणं.

२. जागा आधीच मोकळी ठेवणं

डिस्क १०० टक्के भरल्यावर माल हलवायला घेतला, तर नवीन काम अडतं. म्हणून दोन खुणा ठरवतात. उदाहरणार्थ, डिस्क ८५ टक्के भरली की हलवणं सुरू आणि ७० टक्क्यांवर आली की बंद.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे फाइलची टेपवर प्रत आधीच करून ठेवायची, पण डिस्कवरून ती लगेच काढायची नाही. मागणी आली तर डिस्कवरून द्यायची. जागा हवी झाली तर डिस्कवरची प्रत क्षणात पुसायची, कारण टेपवर ती आहेच. प्रत करण्याचं जड काम रात्री, लोक कमी असताना उरकतं.

३. छोटी प्रत जवळ, मोठी प्रत लांब

माध्यमांच्या साठ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी युक्ती हीच असावी.

सिनेमा शोधणाऱ्या माणसाला सुरुवातीला ११ टीबी नको असतात. हाच सिनेमा ना, हेच दृश्य ना, एवढंच बघायचं असतं. त्यासाठी प्रत्येक सिनेमाची हलकी प्रत बनवतात. तिला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. सेकंदाला ५ मेगाबिट दर धरला, तर अडीच तासांची प्रॉक्सी सुमारे ५.६ जीबीची होते. मूळ प्रतीच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकी.

म्हणजे १,००० सिनेमांच्या प्रॉक्सी मिळून ५.६ टीबी. त्या एका साध्या हार्ड डिस्कवर मावतात! मूळ प्रती टेपवर राहू दे. शोधणं, बघणं, निवडणं हे सगळं प्रॉक्सीवर होतं. टेपकडे जायची वेळ येते ती खरोखर मूळ प्रत हवी असेल तेव्हाच.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. आयफोनमध्ये जागा वाचवण्याचा पर्याय चालू केला की फोनवर फोटोची हलकी प्रत राहते आणि मूळ फोटो क्लाउडवर जातो. तुम्ही फोटो एडिट करायला घेतलात की मूळ प्रत खाली उतरते.

४. सगळा सिनेमा नको, हवा तेवढाच तुकडा

वृत्तवाहिनीला जुन्या सिनेमातलं ३० सेकंदांचं दृश्य हवंय. सगळा सिनेमा टेपवरून आणायचा तर ४०० एमबीच्या वेगाने साडेसात तासांहून जास्त वेळ लागेल. तेवढीच ३० सेकंदं आणली तर सुमारे ३७ जीबी होतात आणि ती दीड मिनिटात वाचून होतात.

यासाठी कोणत्या मिनिटाचं चित्र टेपवर नेमकं कुठे आहे, याची नोंद हवी. ती नोंद, म्हणजे मेटाडेटा, कायम सगळ्यात वेगवान टप्प्यावर ठेवतात. गोदामात माल कितीही असो, रजिस्टर मुकादमाच्या हातात पाहिजे. फेसबुकने २०१० मध्ये मांडलेल्या ‘हेस्टॅक’ प्रणालीचं रहस्यही हेच होतं. फोटो कुठे आहे हे शोधायलाच डिस्कवर अनेक फेऱ्या होत होत्या. ती यादी त्यांनी मेमरीत आणली आणि एका फेरीत फोटो मिळू लागला.

५. फेऱ्या एकत्र करणं

एकाच दिशेच्या दहा दुकानांचा माल दहा टेम्पोंनी कोणी पाठवत नाही. टेपचंही तसंच.

समजा, ४ काडतुसांवरच्या २० फाइल हव्या आहेत. काडतूस बदलायला २ मिनिटं आणि फाइल शोधायला १ मिनिट, असं ढोबळ धरू. मागणी आली त्या क्रमाने काम केलं आणि दर वेळी काडतूस बदलावं लागलं, तर ६० मिनिटं जातात. त्याच मागण्या काडतुसांनुसार लावून घेतल्या, तर बदल फक्त ४. एकूण २८ मिनिटं. काडतुसावरच्या जागेनुसार क्रम लावला तर शोधायचा वेळ आणखी घटतो. नवीन यंत्र एकही न घेता काम निम्म्याहून कमी वेळात!

अर्थात, घाईची मागणी रांगेत अडकून पडू नये म्हणून तिला वेगळं प्राधान्य द्यावं लागतं. काही ठिकाणी वाचायला आणि लिहायला वेगवेगळे ड्राइव्ह ठेवतात, म्हणजे रात्रीचं प्रत करण्याचं काम लांबलं तरी सकाळचा माणूस खोळंबत नाही.

६. लहान फाइलचे गठ्ठे बांधणं

आपल्या अडीच तासांच्या सिनेमाच्या फाइल किती? २ लाख १६ हजार, कारण प्रत्येक चित्र ही वेगळी फाइल असते. एवढ्या सुट्या फाइल एकेक करून टेपवर टाकल्या, तर टेप सारखी थांबते, मागे येते, पुन्हा सुरू होते. वेग कोसळतो आणि टेप झिजतेही. म्हणून रिळानुसार मोठे गठ्ठे करतात, ते आधी डिस्कवर जमवतात आणि मग एका दमात टेपवर उतरवतात. एका सिनेमाची सगळी रिळं शक्यतो एकाच काडतुसावर ठेवली की पुढे परत आणतानाही फेऱ्या वाचतात.

७. मागणी येण्याआधीच माल आणणं

दिवाळीच्या आधी दुकानदार भिवंडीहून जास्त माल आणून ठेवतो. गिऱ्हाईक येईल हे त्याला माहीत असतं. संग्रहातही काही तारखा ठरलेल्या असतात. ३० एप्रिल ही दादासाहेब फाळकेंची जयंती. त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या चित्रपटांचं साहित्य डिस्कवर आणून ठेवलं, तर त्या दिवशी कोणी ताटकळणार नाही.

सगळंच असं सांगून येत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ला लता मंगेशकर गेल्या आणि प्रत्येक न्यूजरूमला त्यांची जुनी दृश्यं एकाच वेळी हवी झाली. अशा दिवसासाठी मोठ्या कलाकारांच्या निवडक दृश्यांचा छोटा संच कायम वरच्या टप्प्यावर ठेवणं शहाणपणाचं. त्याला जागा थोडीच लागते.

वेगाच्या नादात सुरक्षितता सुटता कामा नये

वेगासाठी मांडणी बदलताना एक धोका असतो. ‘टेपवर आहे ना, मग डिस्कवरून पुसा’ असं सॉफ्टवेअर म्हणतं. पण टेपवरची ती एकमेव प्रत खराब निघाली तर?

टप्प्याटप्प्याची साठवण म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलते, तिच्या प्रती वाढतातच असं नाही. म्हणून तीन पथ्यं पाळली जातात.

पहिलं, निदान दोन प्रती आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी. भिवंडीत गोदामाला आग लागल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. दोन्ही प्रती एकाच शेडमध्ये असतील तर ती एकच प्रत समजायची.

दुसरं, तपासणी. प्रत्येक फाइलचा एक आकडेमोडीचा ठसा काढून ठेवतात. त्याला ‘चेकसम’ म्हणतात. फाइलचा एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. ठरावीक काळाने टेप वाचून ठसे जुळवले जातात.

तिसरं, स्थलांतर. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, पण एलटीओ-७ ची वाचू शकत नाही. टेप धडधाकट असली तरी ती वाचणारं यंत्र मिळेनासं होतं. त्यामुळे काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर उतरवावा लागतो. हे काम महिनोन्महिने चालतं आणि त्या काळात रोजच्या मागण्याही पुरवायच्या असतात. म्हणजे वरच्या सातही युक्त्यांची खरी परीक्षा तेव्हा होते.

या तिसऱ्या टप्प्याचा उपयोग काय, हे फेब्रुवारी २०११ मध्ये जगाने पाहिलं. गूगलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरणाऱ्यांचे मेल गायब झाले. गूगलकडे एकाहून जास्त डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक सॉफ्टवेअरची असल्याने अनेक प्रतींना फटका बसला. मेल परत आले ते टेपवरून. कपाटात बंद असलेल्या टेपपर्यंत ती चूक पोहोचलीच नव्हती. परत आणायला वेळ लागला, पण मेल मिळाले.

हे तुमच्या कामाचं आहे का?

भिवंडी, कल्याण, ठाण्यात लग्नाचं शूटिंग करणारे किती तरी स्टुडिओ आहेत. त्यांच्याकडे हाच प्रश्न छोट्या आकारात असतो. एक फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट दराने शूट करत असेल, तर तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, सहा तास: एका लग्नाचे ८१० जीबी. सीझनमध्ये अशी २० लग्नं घेतली तर १६ टीबीच्या पुढे.

मग ड्रॉवरमध्ये हार्ड डिस्कचा ढीग साचतो. कुठल्या डिस्कवर कोणतं लग्न, हे फक्त एका माणसाला ठाऊक. तो सुट्टीवर गेला की शोधाशोध.

मोठ्या सर्व्हरचे नियम इथेही लागू पडतात:

* चालू असलेलं एडिटिंगचं काम एसएसडीवर. काम दिलं की तिथून हलवा.
* गेल्या काही महिन्यांचं काम, जे गिऱ्हाईक पुन्हा मागू शकतं, ते नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कवर.
* जुनं काम दोन वेगळ्या डिस्कवर. एक स्टुडिओत, दुसरी दुसऱ्या पत्त्यावर.
* प्रत्येक कामाची हलकी प्रत आणि एक साधी यादी, म्हणजे तारीख, नाव, डिस्कचा नंबर, कायम हाताशी. यादी एक्सेलमध्ये असली तरी चालेल.
* वर्षातून निदान एकदा जुनी डिस्क जोडून फाइल उघडतात का, ते बघा.

घरच्या फोटोंसाठीही यादी जवळजवळ हीच. फक्त एक लक्षात ठेवा: ‘फोनमधून डिलीट केलं, क्लाउडवर आहे’ म्हणजे प्रत एकच उरली.

क्लाउडवरचा स्वस्त साठा घेणार असाल, तर माल परत मिळायला किती वेळ लागेल, हे आधी विचारा. अॅमेझॉनने २०१२ मध्ये ‘ग्लेशियर’ नावाची स्वस्त साठवण आणली तेव्हा फाइल परत मिळायला ३ ते ५ तास लागायचे. अशा सेवांत आजही किंमत जितकी कमी, तितकं थांबणं जास्त, असाच साधारण हिशेब असतो. आणि परत घेताना वेगळे पैसे लागतात का, हेही बघून घ्या.

थोडक्यात

१९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. तो आज आपण पाहू शकतो, कारण त्याची प्रत टिकली. ‘आलम आरा’ पाहू शकत नाही, कारण ती टिकली नाही. डिजिटल साठ्यात तिसरी शक्यता असते: प्रत टिकलेली आहे, पण ती सापडायला आणि उघडायला इतका वेळ लागतो की कोणी मागतच नाही. न मागितलेल्या गोष्टीवर खर्च का करायचा, असा प्रश्न मग बजेटच्या बैठकीत येतोच.

म्हणून साठ्याचा वेग ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही. जे लोकांना मिळतं, तेच जपलं जातं. आणि ते मिळण्यासाठी दर वेळी महागडं यंत्र लागत नाही. नोंद चोख हवी, हलकी प्रत जवळ हवी, फेऱ्या एकत्र हव्यात आणि दुसरी प्रत दुसऱ्या पत्त्यावर हवी. भिवंडीतल्या कुठल्याही जुन्या गोदामवाल्याला हे सांगून बघा, तो म्हणेल, ‘यात नवीन काय?’